अजून खारंच हाय

राहीच्या नवऱ्याला जमिनीखाली गेल्यावर वाचा फुटायची. जमिनीवर असला की मुका. हे तिला कळलं तेव्हा लग्नाला अठरा वर्षं होऊन गेली होती, एकुलती एक पोर कोकिळा लग्न होऊन पालीकडे नांदत होती, आणि सासूला जाऊनही बरेच पावसाळे झाले होते. अठरा वर्षं नवराबायको म्हणवून घेतलं खरं; पण त्यातली चौदा वर्षं हिरामण चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत आणि राही इकडे दिघीच्या खाडीकाठी. मग कळायचं कधी आणि कसं?

गेला होता तो मुंबईला, गिरणीत. चार घरचे चार जण जातात तसा बोटीत बसून गेला. पुढे गिरणीत संप झाला, खोलीतले सगळे गावाकडे परतले, हा काही आला नाही. कुणी मुकादम भेटला म्हणे. पोटाला मिळेल, राहायला मिळेल, चल. गाडीत घालून नेला तो नागपूरच्याही पल्याड, आणि उतरवला तो थेट पाताळात. मधे दोनदा येऊन गेला. एकदा आई गेल्यावर, तेही तेरावं होऊन गेल्यावर. एकदा कोकिळेच्या लग्नात. पोरीनं वाकून नमस्कार केला, पण तोंड असं की हे पाव्हणे कोण म्हणून कुणाला तरी विचारावं.

राहीला तरी कुठे वेगळं वाटत होतं! रामाचा वनवाससुद्धा चौदा वर्षांत संपला, पण त्याच्याबरोबर बायको होती. हिच्या वाट्याला नुसतं घर आलं. पोर सासरी गेल्यावर तर ती चुलीशी बोलायची, कोंबडीशी बोलायची, रिकाम्या हंड्याला शिव्या द्यायची. शेजारी भागुबाई म्हणून एक म्हातारी कोळीण राहायची, सुकी मासळी विकणारी. तिचा नवरा होडी घेऊन गेला तो परत आलाच नव्हता. ती राहीला म्हणायची, "माझा गेला, मी रडून मोकळी झाले. तुझा धड गेला न्हाय आन् धड हाय न्हाय. तू रडशील तरी कशी?"

आणि मग एका थंडीत, दत्तजयंतीच्या पुढेमागे, हिरामण कायमचा घरी आला. खाणीवरच्या डॉक्टरानं छातीला कान लावून सांगितलं होतं, आता घरी जा. बस, एवढंच तो बोलला. वळकटी खाली ठेवली आणि ओसरीवर बसला.

आता राहीची काय धांदल उडाली असेल! चौदा वर्षांचं साठलेलं बोलणं होतं तिच्याजवळ. कुणाची म्हैस कुणाच्या शेतात गेली इथपासून सासूनं मरताना कुणाचं नाव घेतलं इथपर्यंत. सगळं सांगायचं होतं, आणि त्याचंही ऐकायचं होतं. पण हा बाबा कसला बोलतोय! "व्हय." "न्हाय." "आसंल." संपलं. ओसरीवरचं ऊन त्याच्या डोळ्यांना सोसायचं नाही, म्हणून उठून मागच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसायचा. ती जेवण वाढायची, तो जेवायचा. पाव्हण्यालासुद्धा आपण दोन गोष्टी विचारतो, पाव्हणाही दोन सांगतो. इथे तेही नाही. हळूहळू राहीचंही तोंड मिटत गेलं. एकटी होती तेव्हा ती बडबडायची तरी. आता घरात माणूस होतं, तर चुलीशी बोलायचीही चोरी झाली.

एक दिवस ती कोलंबीच्या कालवणात मीठ घालायचंच विसरली. स्वतः जेवायला बसली तेव्हा पहिल्या घासाला लक्षात आलं. हिरामण तर सगळं ताट पुसून उठला होता.

"आवं, बोलायचं तरी! मीठ न्हवतं."

"न्हवतं?" तो म्हणाला. "मला काय कळत न्हाय. तोंडात कोळसा बसलाय. काय बी खाल्लं तरी त्योच लागतो."

राही त्या दिवशी मागल्या दारी जाऊन रडली. चौदा वर्षं ती मनातल्या मनात ठरवत होती, येईल तेव्हा त्याला काय काय करून घालायचं ते.

गावाला पाण्याची बाव होती ती डोंगराच्या पायथ्याला, खाजणाच्या खाऱ्या चिखलापलीकडे. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी दोन. शिमगा जवळ आला की तिचंही पाणी तळाला जायचं आणि बायकांची रांग लागायची. एका दुपारी राही डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी अशी उन्हातून आली, आणि हिरामण ओसरीवरून बघत होता.

"येवढ्या लांबनं?" त्यानं विचारलं.

झालं! राहीचा पारा चढला. "मग काय खाडीचं पिऊ? चौदा वर्षं हीच वाट हाय. कोकिळा पोटात व्हती तेव्हाबी हीच. तुमाला आज दिसली व्हय?"

तो उठून आत गेला. पण दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर परसातून कुदळीचा आवाज आला. केळीच्या पलीकडे त्यानं जमिनीवर गोल आखला होता आणि खणायला लागला होता. खोकत होता, पण कुदळ अशी चालत होती की राही दारातच उभी राहिली. घरात वाकून चालणारा माणूस तो हाच का, असं तिला वाटलं.

भागुबाई कुंपणाशी आली. तिनं कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाली, "हिरामन, खण बाबा, पुण्याचं काम हाय. पण खाडीकाठची जमीन हाय ही. दीडदोन पुरुष खाली गोडं पाणी लागंल. लागलं की थांब. दुधावर साय असती तसं गोडं पाणी वर असतं, आन् खाली सगळी खाडीच. साय फाटली की संपलं."

"ठावं हाय, भागुबाय," तो म्हणाला. "मी बी हितलाच हाय."

तिनं मग घरातून आपल्या नवऱ्याच्या होडीवरची कप्पी आणि दोर आणून दिला. इतकी वर्षं माळ्यावर पडून होता, आता कुणाच्या तरी कामाला येऊ दे म्हणाली. हिरामणनं आंब्याच्या फांदीला कप्पी बांधली. राहीला दोर धरायला शिकवलं. "दोन हिसके दिले की ओढायचं. एक दिला की थांबायचं. तोंडानं ओरडायचं न्हाय, खाली आवाज फुटतो." खाणीतली रीत ती.

पहिले काही दिवस मातीच निघाली, मग जांभा लागला. तो फोडायचा, टोपली भरायचा, हिसके द्यायचा. राही ओढायची, कुंपणापाशी नेऊन ओतायची. बोलणं काही नाही. आणि मग ज्या दिवशी त्याचं डोकं जमिनीखाली गेलं, वरून नुसती कुदळ वर-खाली होताना दिसायला लागली, त्या दिवशी खालून आवाज आला.

"राहे, उंदरं लय शहाणी असतात बघ."

राहीला वाटलं भास झाला. तिनं कडेला गुडघे टेकून खाली वाकून बघितलं. "काय म्हणालात?"

"उंदरं. खाणीत उंदीर मारत न्हाईत. भाकरीतला तुकडा त्याला ठेवायचा. वरचं छत खाली यायचं असलं की त्याला आधी कळतं. तो पळाला की आपण पळायचं." कुदळ थांबलेली नव्हती. "माझा एक व्हता. म्हातारा. शेपूट तुटलेली."

आणि मग तो बोलतच राहिला! धरण फुटावं तसा. अंधारात दिवा एकच असतो आणि माणसाचं तोंड दिसत नाही, तेव्हा माणसं बोलतात, आवाजावरून जवळचा कोण ते कळतं, असं काहीबाही सांगत होता. राही दोर धरून ऐकत होती. मधे हिसके बसले तेसुद्धा तिला कळले नाहीत, तेव्हा खालून शिवी आली. त्या शिवीनंसुद्धा तिला बरं वाटलं. संध्याकाळी तो वर आला, हातपाय धुतले, ओसरीवर टेकला, आणि पुन्हा मुका. तिनं दोनदा विषय काढून बघितला. "व्हय." "न्हाय." पुन्हा तेच.

तेव्हा कळलं तिला. याचा जीव खाली आहे.

मग काय, राही सकाळची वाट बघायला लागली. भाकऱ्या भराभर उरकायची. केसात अबोलीचा गजरा घालायला लागली. भागुबाईच्या नजरेतून ते सुटतंय होय! "बाव खणतेस का लगीन करतेस गं?" म्हातारी म्हणाली. राही लाजली. चौदा वर्षांत लाजायला कारणच पडलं नव्हतं तिला.

बाव खोल होत गेली तसं बोलणंही खोल जात गेलं. तीही वरून सांगायची, सासूच्या मरणाचं, कोकिळेच्या बाळपणातल्या तापाचं, सगळं. तो खालून विचारायचा, "मग?" हे "मग" ऐकायला ती काहीही द्यायला तयार होती.

एकदा त्यानं सांगितलं, तिकडे खाणीत जोडीनं काम चालतं. नवरा कोळसा फोडतो, बायको टोपली वाहते.

"आन् तुमची टोपली कोण वाहायचं?" राहीचा हात दोरावर घट्ट झाला.

"मीच. मुकादम रोज म्हणायचा, बायको आण, जोडीला खोली देतो. पण पोटुशा बायका चढणीवर टोपल्या नेताना बघितल्या मी. शेवटी सांगून टाकलं त्याला, बायको मेली माझी."

राही थक्क झाली. "मेली? मी? आन् मी हितं मुंडावळ्या बांधल्यासारखी तुमची वाट बघत बसलेली! तेरावं तरी घातलंत का माझं? दोन ब्राह्मण तरी जेवायला घालायचे!"

खालून खोकला आला, आणि मग तिच्या लक्षात आलं की तो खोकला नव्हता. हिरामण हसत होता. तिलाही हसू फुटलं. मग मात्र तिनं डोळ्यांना पदर लावला. घेऊन गेला असता तर तीही गेली असती. टोपल्या वाहिल्या असत्या. काय झालं असतं, मेली असती! निदान जोडीनं तरी. हे ती त्याला बोलली नाही. दोर ओढत राहिली.

आणि मग एक दिवस पाणी लागलं.

सकाळी टोपलीतून ओला मुरूम आला, दुपारपर्यंत खाली घोटाभर पाणी साचलं. हिरामणनं तांब्या भरून दोराला बांधला. "चव बघ. मला तर काय कळायचं न्हाय."

राहीनं तांब्या तोंडाला लावला. आवळा खाऊन वर पाणी प्यावं तसं लागलं. असं पाणी त्या आळीत कुणाच्या दारात नव्हतं. पायथ्याच्या बावीलासुद्धा नव्हतं. आता खेपा संपल्या, ती उन्हातली वाट संपली.

आणि हेही संपलं. उद्या तो वर येईल. कडेला चार दगड लावील, हात झटकील आणि ओसरीवर जाऊन बसेल. पुन्हा ताट वाढायचं, ताट उचलायचं.

"कसं हाय?" खालून त्यानं विचारलं.

राहीनं पदरानं तोंड पुसलं. "खारं हाय," ती म्हणाली.

खाली क्षणभर कुदळ वाजली नाही. मग तो म्हणाला, "खारं? बरं. खाणीतबी आसंच असतं. वरचा दगड टाकाऊ, माल खाली." आणि पुन्हा फोडायला लागला.

खोटं बोलायची राहीला सवय नव्हती. दिवसभर तिला वाटत होतं, बोलून टाकावं. पण दुसऱ्या दिवशी तो खालून म्हणाला, "ऐकलंस का, हितं एक बेडूक आलाय. कुठनं पडला कोण जाणे. पाण्यात बसलाय, जावयासारखा," आणि तिला हसू आलं, आणि बोलायचं राहून गेलं. मग रोजचंच झालं. तांब्या वर यायचा, ती चाखायची, उरलेलं केळीला घालायची आणि म्हणायची, "अजून खारंच हाय."

भागुबाईनं एकदा कुंपणापलीकडून विचारलं, "काय गं, लागलं का पाणी?"

"लागलं. पण खारं."

म्हातारीनं केळीकडे बघितलं. "हेच पाणी घालतेस ना तिला? बरी टवटवीत हाय." आणि ती घरात गेली. राहीचे कान गरम झाले.

हिरामणचा खोकला वाढत चालला होता. तिला दिसत नव्हतं असं कसं म्हणावं! दिसत होतं. कमरेएवढ्या गार ओलीत दिवसभर उभा राहायचा माणूस, संध्याकाळी वर ओढून घेतला की पार पिळून काढल्यासारखा. थुंकी काळी पडायची. उद्या सांगायचंच, असं ती रोज निजताना ठरवायची. उद्या गोड म्हणायचं. आणि ठरलंही होतं तिचं, देवाशपथ ठरलं होतं. पण त्या दिवशी हिरामणनं एक गोष्ट काढली. खाणीत छत कोसळलं होतं आणि तो एकटाच पलीकडे अडकला होता, त्याची. दिवा विझलेला. सांगता सांगता खोकल्याची उबळ आली. "उद्या सांगतो," तो म्हणाला.

मग उद्या गोड कसं म्हणायचं? ती गोष्ट अर्धीच राहिली असती. आणखी एक दिवस, राहीनं मनाला समजावलं. एकच.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती, खाडीला उधाण होतं. तांब्या वर आला. तिनं चाखला. अजूनही गोड. "अजून खारंच हाय," ती म्हणाली, आणि लगेच विचारलं, "मग काय झालं? दिवा विझल्यावर?"

पहारेचे घाव पडत होते आणि तो मधे मधे थांबून बोलत होता. "काय व्हायचं. बसून राहिलो. बाहेरून खणतायत का न्हाय ते कळत न्हवतं. वाटलं, मरायच्या आधी तुझं तोंड आठवावं. तर आठवंना गं! किती आठवलं. कपाळ आठवायचं तर नाक जायचं."

राही कडेवरून आणखी खाली वाकली.

"मग आवाज आठवला. चूल फुंकताना तू बडबडायचीस, लगीन झाल्यावर. ओल्या लाकडांना शिव्या द्यायचीस. ते सगळं आठवलं. तेच म्हणत बसलो, त्या शिव्या. माणसं आत आली तेव्हा मी शिव्या देत व्हतो, त्यांना वाटलं येडा झाला." तो थांबला. "लय बोलायचीस तू तेव्हा."

राहीला रडू कोसळलं. तिनं तोंड उघडलं. आत्ताच सांगायचं, या घडीला. गोड हाय, वर या. पण त्याच वेळी खालून पहार कशात तरी घुसल्याचा आवाज आला, पोकळ, आणि पाठोपाठ पाण्याचा. दोर हलायला लागला. दोन नाही, दहा हिसके. "भागुबाय!" राही ओरडली. म्हातारी धावत आली, दोघींनी मिळून दोर ओढला. हिरामण वर आला तो छातीपर्यंत भिजलेला, डोळे पांढरे झालेले. त्याच्यामागे बावीत पाणी चढत होतं.

राहीनं त्याच्या भिजलेल्या अंगावरून हात फिरवून ओठाला लावला. आता तिला खोटं बोलायची गरज नव्हती. ती खाडी होती.

साय फाटली. त्या दिवसापासून हिरामण अंथरुणाला लागला. गावातली माणसं येऊन बाव बघून गेली आणि ओसरीवर बसून, तो आत ऐकतोय याची पर्वा न करता बोलली. "खाणीत जन्म घालवला, पण खाडीकाठी किती खणायचं ते विसरला." "त्याला वाटलं खाली कोळसा लागंल." हसली. राही त्यांना पाणी आणून देत होती, पायथ्याच्या बावीचं, आणि तिच्या जिभेला जणू टाळा लागला होता. उभी राहून एक वाक्य बोलली असती तर ते हसू थांबलं असतं. नाही बोलली. नवऱ्याला येडा ठरू दिलं तिनं. याची लाज तिला पुढे जन्मभर पुरली.

कोकिळा आली, चार दिवस बापाच्या उशाशी बसली. तिला काय बोलावं ते सुचेना, त्याला काय बोलावं ते सुचेना. ती गेल्यावर एका सकाळी हिरामणनं पाणी मागितलं. राहीनं त्याची मान उचलून तांब्या लावला. दोन घोट पिऊन तो म्हणाला, "आपल्या बावीचं?"

"व्हय," राही म्हणाली. आणखी एक खोटं, त्यात काय.

"पयल्या दिवशीबी गोडच व्हतं," तो म्हणाला.

राही त्याच्या तोंडाशी वाकली. "काय म्हणालात? आवं, काय म्हणालात?" पण त्याला उबळ आली, मग ग्लानी आली, आणि नंतर तो धड शुद्धीवर आलाच नाही. वटपौर्णिमेच्या आत गेला. त्या वर्षी वडाला सूत गुंडाळायला निघालेल्या बायका तिच्या दारावरून जाताना आवाज न करता गेल्या.

दिवस उरकल्यावर भागुबाईनंच सांगितलं. "बाव बुजवू नकोस. नुसता तळ बुजव. वर काढलास तोच दगड, तीच माती, दाबून भर. गोडं लागलं व्हतं तिथपर्यंत. पावसाळा जाऊ दे, साय पुन्हा धरंल." गोडं लागलं व्हतं, असं म्हातारी सरळ म्हणाली. राहीनं मान वर केली नाही.

तिनं एकटीनं भरलं. जी टोपली तिनं दोरानं वर ओढली होती तीच भरून पुन्हा खाली सोडायची, उलटी करायची. जो दगड त्यानं उंदराची गोष्ट सांगताना फोडला तो, जो हसताना फोडला तो. कुठला कोणता ते काय ओळखू येतंय, सगळा तांबडा जांभाच. पण ती टोपलीगणिक बोलत होती. शेतावर जाणाऱ्यांनी ऐकलं आणि म्हणाले, हिरामणची राही बावीशी बोलते. बोलू द्या. मधे पाऊस लागला, तेव्हा डोक्यावर इरलं घेऊन भरलं.

दिवाळी झाली. केळीला नवा कोंब आला होता. एका सकाळी राहीनं तांब्या सोडला, भरून वर घेतला आणि चाखला. मग ती तो तांब्या घेऊन भागुबाईकडे गेली. म्हातारी अंगणात बोंबील उलटवत बसली होती. ती प्यायली, ओठ चाटले. "साखर हाय गं."

राही तिच्यापुढे मटकन खाली बसली. "भागुबाय, पयल्या दिवशीबी असंच व्हतं. मी खोटं बोलले. खारं म्हणाले. ते वर आले असते तर पुन्हा मुके झाले असते, म्हणून. मी मारलं त्यांना."

भागुबाईनं हातातला बोंबील खाली ठेवला.

"त्याला ठावं व्हतं," ती मग म्हणाली.

"काय?"

"तो बेडूक. मी गेले व्हते एकदा बावीवर, तू भाकऱ्या भाजत व्हतीस तेव्हा. मी म्हटलं, हिरामन, केळ बघ कशी हाय, पाणी गोडं हाय, वर ये. तर म्हणतो कसा, ठावं हाय भागुबाय, खाऱ्यात बेडूक ऱ्हातो व्हय? मी म्हटलं, मग मुडद्या, खणतोस कशाला? छाती बघ तुझी." म्हातारीनं नाक पुसलं. "तर म्हणाला, ती खारं म्हणते ना, म्हणू दे. घरात गेलो की मला बोलता येत न्हाय, मग तीबी गप व्हते. हितं वर बसून कशी बोलते, ऐकलंस का? मला म्हणाला, तिला सांगू नको."

राही तिथेच बसून राहिली. रडावं तर रडूही येईना. उन्हं अंगणात आली, भागुबाईनं उठून मासळी दुसरीकडे हलवली, तरी ती बसूनच होती. शेवटी भागुबाई म्हणाली, "ऊठ. सैपाकाला पाणी भर."

राही उठली. घरी आली, हंडा दोराला बांधला आणि बावीत सोडला. खाली बुडबुड ऐकू आली, हंडा भरला, दोर जड झाला. ती दोर हातात धरून उभी राहिली. दोन हिसके बसण्याची वाट बघत. सवय होती.

दोर हलला नाही. मग तिनं आपणच ओढायला सुरुवात केली.